झाकलेले काम

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे गाड्यांचे भाग्य उजळते. वर्षभर शिव्या खाणारी गाडी त्या दिवशी न्हाऊन-माखून उभी राहते, तिच्या कपाळी गंध लागते, बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू येते, आणि बोहल्यावर चढणाऱ्या मुलाकडे बापाने पाहावे तसा मालक तिच्याकडे पाहत राहतो. पण ही सारी पूजा तोंडाची. गाडीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये, चिखलाने माखलेला एक आडवा लोखंडी कणा असतो. गाडीत जे काही चढते त्याचा मोठा भार अखेर त्याच्यावर येतो. त्याला कोणी फूल वाहिलेले मी आजवर पाहिलेले नाही. त्याच्या दोन टोकांना, चाकांच्या आत, ब्रेकचे दोन ड्रम असतात. ते तर बिचारे मालकाच्या नजरेस वर्षातून एकदाही पडत नाहीत.

या उपेक्षेबद्दल कण्याची काही तक्रार असेल असे वाटत नाही, आणि फुले वाहून त्याचे आयुष्य वाढेल असेही नाही. परंतु या झाकलेल्या भागांवरून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि फराळाच्या ताटाशेजारी बसून विचार करण्याइतका तो मला महत्त्वाचा वाटतो. जे काम झाकले जाणार आहे, जे करणाऱ्याखेरीज पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडायचे नाही, ते नीट का करावे?

शाळेच्या फळ्यावर या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मावते. प्रामाणिकपणा हा सद्गुण आहे, म्हणून. उत्तर खोटे नाही. पण खडूच्या उत्तरांवर जगाचा हात फिरला की ती पुसट होतात. ग्रीसने माखलेल्या हातांनी हाच प्रश्न कसा सोडवला जातो ते यंदा पावसाळा सरता सरता मी आमच्या मसुऱ्यात पाहिले.

मसुरे हे मालवण तालुक्यातले, गड नदीच्या काठचे गाव. गावाच्या डोक्यावर भरतगड आहे आणि नदीपलीकडून भगवंतगड त्याच्याकडे पाहतो. गाव म्हणायचे एक, पण वाड्या अनेक. ज्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मुंबईहून माणसे लोटतात ती याच गावाची वाडी. त्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते. अशा पसरलेल्या गावात पिकअप ही चैन नव्हे. आमच्या वाडीतल्या एका तरुणाची अशीच एक जुनी पिकअप आहे. फेब्रुवारी-मार्चात तिच्यातून काजूच्या बिया जातात, त्यामागून आंब्याच्या पेट्या, पावसाच्या तोंडावर खत आणि कौले, चतुर्थीला गणपतीची मूर्ती आणि भजनी मंडळाचे पखवाज, थंडी पडली की दशावतारी नाटकवाल्यांचे पेटारे, आणि पाऊस सोडून बाकीचे दिवस जांभ्या दगडाचे चिरे. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पण रात्री दोन वाजता कोणाच्या घरात बाळंतवेणा सुरू झाल्या, तर वाडीतले लोक कायद्याचे पुस्तक शोधत नाहीत; पिकअपवाल्याचे दार ठोठावतात.

ही गाडी मागून घरघरू लागली. पुढे डाव्या चाकाच्या आतून तेल झिरपू लागले आणि ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढ घेऊ लागली. मालकाने ती मेस्त्रींच्या शेडखाली आणून उभी केली. मेस्त्रींची पत्र्याची शेड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला वर्तमानपत्र वाचण्यासाठी अशी एखादी जागा लागतेच, जिथे त्याला कोणी उठवत नाही. त्यामुळे पुढचे चार दिवस जे घडले ते सगळे माझ्या डोळ्यांसमोर घडले.

यंत्राची ज्यांना गोडी नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. अशा गाडीत इंजिनाचा जोर एका लांब दांड्याने मागे येतो. तिथे दातेरी चक्रांची एक जोडी तो काटकोनात वळवून दोन्ही चाकांकडे धाडते. आणखी एक युक्ती तिथेच दडलेली असते. तिच्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले चाक कमी फिरू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये सुचलेली ही युक्ती म्हणजे डिफरन्शियल. ती नसती तर प्रत्येक वळणावर टायर फरफटत गेले असते. हे सगळे ज्या पोकळ नळीत बसते ती नळी म्हणजे मागच्या कण्याचे घर. हलक्या गाड्यांत पुष्कळदा चाक थेट आतल्या दांड्याच्या टोकावरच बसवलेले असते. म्हणजे तो दांडा चाक फिरवतोही आणि भारही वाहतो. तो तुटला तर चाक तुकड्यासकट निखळून बाहेर येऊ शकते. मेस्त्री त्याला ॲक्सल म्हणतात. आपली जुनी भाषा आस म्हणते. आणि संस्कृतातला अक्ष व इंग्रजांचा ॲक्सल हे एकाच अतिप्राचीन शब्दाचे वंशज आहेत, हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले.

या गाडीची नळी चिऱ्यांच्या ओझ्याने आणि खड्ड्यांच्या दणक्यांनी किंचित वाकली होती. नळी वाकली म्हणून बेअरिंग तिरके बसले, बेअरिंग तिरके म्हणून तेल अडवणारे सील झिजले, आणि आतले दाट तेल डाव्या ड्रममध्ये उतरून ब्रेकच्या लायनरांना पाजले गेले. तेल प्यालेले लायनर धुऊन, घासून, वाळवून पुन्हा बसवता येते. ते दिसतेही चांगले. पण ड्रम तापला की मुरलेले तेल पुन्हा वर येते आणि ब्रेक गुळगुळीत होतो. सील बदलून भागणार नव्हते, कारण दोष सीलचा नव्हताच. सबंध कणा बदलणे भाग होते. नवा घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून मालक फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेला आणि मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा कणा, त्यावरच्या ड्रम-ब्रेकांसकट, घेऊन आला.

इथवर यंत्राचीच कथा झाली. पुढची कथा मात्र माणसांची आहे.

मेस्त्रींनी आणलेल्या कण्याचे दोन्ही ड्रम काढले. उघडण्यापूर्वी त्यांनी त्यांवर पाणी शिंपडले. हाताखालचा पोऱ्या हवेचा पाइप घेऊन धूळ उडवायला निघाला होता, त्याला त्यांनी दटावून मागे सारले. ब्रेकच्या लायनरांत कित्येक दशके ॲस्बेस्टॉस घालीत असत. जुन्या ड्रममधल्या धुळीत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही; फुप्फुसांना कळते, पण पुष्कळ वर्षांनी. मग त्यांनी ड्रम पुसून आतला व्यास मोजला. डावा ठीक होता. उजवा ड्रम पूर्वी कोणीतरी लेथवर एकदोनदा कातून घेतला होता. किती कातावे याला मर्यादा असते आणि ती मर्यादा पुष्कळदा ड्रमच्या अंगावरच उठवलेली असते. हा ड्रम ती ओलांडून गेला होता. दिसायला मात्र तो डाव्यापेक्षाही झकास होता, आरशासारखा.

मालक म्हणाला, "मेस्त्रीनू, डाव्या बाजूचे लायनर नवे घाला नि बसवून दिया. उजवी बाजू बरी आसा मां? ती दिवाळी झाल्यार बघूया."

"बरी दिसता. बरी नाय," मेस्त्री म्हणाले. "लायनर बदलूचे तर दोनव बाजूंचे. आणि ह्यो ड्रम मी घालूचंय नाय."

"गाडी माजी, पैशे माजे. मी सांगतंय तसां करा."

मेस्त्रींनी हात पुसले. "गाडी तुजी, पैशे तुजे. पण रस्तो सगळ्यांचो आसा."

एवढेच. आवाज कोणीही चढवला नाही. पण जे बोलले गेले त्यात नीतिशास्त्राचा एक सबंध वाद सामावलेला आहे, आणि त्यात तरुणाची बाजूही मुळीच पोकळ नाही. त्याच्यावर कर्जाचा हप्ता होता. गाडी चार दिवस उभी म्हणजे चार दिवसांची कमाई गेली. दोन्ही बाजूंचे लायनर, नवा ड्रम, पुन्हा कोल्हापूर. दिवाळीला घरी न्यायचे कपडे इथेच संपत होते. पैसा देणारा मी, धोका पत्करणारा मी, तर निर्णयही माझाच, असे त्याला वाटले तर त्यात वावगे काय? शिवाय मेस्त्री काही न्यायाधीश नव्हेत. शिंप्याने गिऱ्हाइकाला कोणता रंग शोभतो हे ठरवू नये, तसे मेस्त्रीने गिऱ्हाइकाची ऐपत ठरवू नये.

हा युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त त्यात एक माणूस मोजायचा राहिला आहे. ब्रेक ही गाडीतली अशी एकच वस्तू आहे, जी मालकासाठी असते त्याहून अधिक दुसऱ्यांसाठी असते. इंजिन मालकाचे आहे, भोंगा मालकाचा आहे, रंग मालकाचा आहे. पण ब्रेक लागतो तो रस्त्यावर आलेल्या पोरासाठी, वळणावर आडव्या आलेल्या म्हशीसाठी, समोरच्या एस.टी.तल्या पन्नास अनोळखी माणसांसाठी. शिंप्याची उपमा इथे लंगडी पडते ती यामुळे. सदरा बिघडला तर लाज घालणाऱ्याची जाते. ब्रेक बिघडला तर जीव भलत्याचा जातो, आणि त्या भलत्याला या व्यवहारात कोणी काही विचारलेले नसते. तो गॅरेजात हजर नव्हता. त्याच्या वतीने 'नाही' म्हणणारे तिथे एकच माणूस होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, मेस्त्रींनी 'बरे' म्हणून तोच ड्रम बसवला असता, किंवा दोन्हींचे पैसे घेऊन एकच बाजू केली असती. चाक चढवले, बोल्ट आवळले की सगळे झाकले गेले असते. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. अदृश्य झाल्यावर तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. गोष्ट सांगणारा विचारतो की अशी अंगठी हाती आली तर कोणता माणूस सरळ राहील? तत्त्वज्ञ या अंगठीवर दोन हजारांहून अधिक वर्षे चर्चा करीत आले आहेत, जणू ती दुर्मीळ वस्तू आहे. वास्तविक ती प्रत्येक कारागिराच्या बोटात रोज असते. गिलावा चढला की गवंडी अदृश्य होतो, अस्तर शिवले की शिंपी, तळणात पडले की तेल किती वेळचे ते ठाऊक असलेला हलवाई, आणि ड्रम बसला की मेस्त्री.

अंगठी असूनही सरळ का राहावे, याची उत्तरे माणसाने अनेक दिली आहेत. पहिले उत्तर भीतीचे. उद्या उघडकीस आले तर? पण ब्रेकच्या बाबतीत उघडकीस काय येणार? अपघात झालाच तर पाऊस असतो, उतार असतो, ओझे असते, चालकाची झोप असते, आणि हे सगळे पुरेना म्हणून नशीब असते. दुसरे उत्तर लौकिकाचे. चांगल्या कामाने गिऱ्हाईक वाढते, हे खरे. पण लौकिक दिसणाऱ्या कामाला मिळतो, आणि आपण बोलतो आहोत ते न दिसणाऱ्या कामाबद्दल. तिसरे उत्तर देवाचे. माणूस पाहत नसला तरी देव पाहतो. मेस्त्री श्रद्धाळू आहेत, शेडमध्ये देवीची तसबीर आहे आणि तिला रोज उदबत्ती मिळते. परंतु देवाला आपण कामावरचा मुकादम केला, तर आपले सरळपण पुन्हा कोणाच्या तरी पाहण्यावरच टांगले जाते. चौथे उत्तर कारागिराच्या अभिमानाचे, आणि ते मला या सगळ्यांत जवळचे वाटते. माझ्या हातून वाईट काम होणार नाही, कारण ते हात माझे आहेत. पण अभिमानालाही एक कीड आहे. तो कामावर प्रेम करता करता माणसांना विसरू शकतो. तोफ ओतणारालाही आपल्या ओतीव कामाचा अभिमान असतोच.

मला सुचते ते उत्तर साधे आहे. झाकलेले काम म्हणजे एक वचन असते, आणि ते ज्यांना दिलेले असते त्यांना ते मिळाल्याची खबर नसते. दोन माणसांत तोंडी झालेला करार मोडला तर दुसरा जाब विचारू शकतो. पण फोंडा घाटाच्या उतारावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला मसुऱ्यातल्या एका शेडमध्ये आपल्याला वचन दिले गेले आहे हे ठाऊकच नसते. म्हणून ते पाळण्याची जबाबदारी सगळीच्या सगळी देणाऱ्यावर पडते. जाब विचारणारा कोणी नाही, हे वचन मोडण्याचे निमित्त नव्हे. ते जास्त काटेकोरपणे पाळण्याचे कारण आहे. लहान मुलाचा हिशेब दुकानदाराने मोठ्या माणसापेक्षा अधिक नीट करावा तो याचसाठी.

घाटाचा उल्लेख मी सहज केला नाही. ब्रेक काय करतो हे घाटात कळते. आपण समजतो की ब्रेक गती मारतो. गती मरत नाही, तिची उष्णता होते. भरलेली गाडी उतारावरून येते तेव्हा तिचा सगळा वेग लायनर आणि ड्रम घासून घासून स्वतःत घेतात आणि तापतात. ड्रम तापला की फुगतो, लायनरापासून दूर जातो, आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. कातून पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, आणि तडकण्याची भीती असते ती वेगळी. म्हणूनच जाणते चालक सांगतात की ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा, सगळे ओझे ब्रेकवर टाकू नका. 1897 साली इंग्लंडात डार्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड या माणसाने उतारावरच्या घोडागाड्यांसाठी ब्रेकचे नवे ठोकळे बनवले. 1902 साली फ्रान्सच्या लुई रेनोने ड्रम-ब्रेकला रूप दिले. पुढे तेलाच्या दाबाने चारी चाकांना सारखा जोर देण्याची सोय झाली. सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ गोष्ट बदलली नाही. दुसऱ्याची गती थांबवायची तर थांबवणाऱ्याला स्वतः झिजावे आणि तापावे लागते.

आपल्या कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम. त्या रथाला ब्रेक नाही, कारण घोडे जिवंत होते. लगाम ओढला की घोडा स्वतःच थांबे. आपल्या गाड्यांना जीव नाही. तेव्हा तो लगाम आता कोणीतरी दुसऱ्याने, आधी, अंधारात, चाकाच्या आत बसवून ठेवावा लागतो. सारथ्याचा संयम आता एकट्या सारथ्याचा राहिलेला नाही. त्यातला अर्धा मेस्त्रीचा असतो.

मालक दुपारभर रुसून बसला. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत अवघड भाग त्यानंतर आला. नकार देणे तितके कठीण नसते. तत्त्वासाठी दुसऱ्याचा खिसा रिकामा करणे तर फारच सोपे असते. आपल्यातले कितीतरी नीतिमान लोक दुसऱ्यांच्या खर्चानेच नीतिमान झालेले आहेत. दोन्ही बाजू करायच्या, नाहीतर गाडी घेऊन जा, एवढे बोलून मेस्त्री थांबले असते तर ते चुकले असे कोणी म्हणाले नसते. संध्याकाळी त्यांनी मालकाला बोलावले. नव्या ड्रमाचे आणि लायनरांचे पैसे दुकानात ते स्वतः भरणार होते. मजुरी निम्मी आता, निम्मी आंब्याच्या हंगामात. कागद केला नाही. वहीत दोन आकडे लिहिले आणि पेन्सिल कानावर अडकवली.

त्या दोन आकड्यांनी मला प्लेटोपेक्षा जास्त शिकवले. जो नकार देतो, त्याने त्या नकाराची किंमत थोडी तरी स्वतः उचलली पाहिजे. तसे नसेल तर नीती ही ऐपतीच्या माणसांची चैन होऊन बसते, आणि गरिबाच्या वाट्याला केवळ उपदेश येतो. अमुक स्वस्त आहे ते वापरू नका, तमुक जुने आहे ते मोडीत काढा, असे आपण गरिबाला रोज सांगतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण सांगणाराने आपली वही उघडली आहे का, एवढे मात्र ऐकणाराने पाहावे.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. गाडी घोड्यांवर चढवली, मागची चाके उतरली. लांब दांडा सोडवण्यापूर्वी मेस्त्रींनी दोन्ही तोंडांवर खूण केली, म्हणजे पुन्हा जोडताना तो होता तसाच बसावा आणि गाडी थरथरू नये. ब्रेकची नळी, हँडब्रेकची तार, पाट्यांना कणा आवळून धरणारे यू-बोल्ट एकेक करून सुटले. गंजलेल्या नटांनी अर्धा दिवस खाल्ला; खाऱ्या हवेचा आणि पावसाचा हा आमच्या किनाऱ्याचा कर आहे. नवा आलेला जुना कणा पाट्यांवर चढला. नवी सीले, नवे लायनर, नव्या स्प्रिंगा. ब्रेकची जुळणी करणारे स्क्रू डावे-उजवे वेगळे असतात, त्यांचे आटे उलट असतात. ते अदलाबदलीने बसतात, पण मग काम उलटे करतात. ते मेस्त्रींनी दोनदा ताडून पाहिले. शेवटी नळ्यांतली हवा काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून. पोऱ्या आत बसून पाय दाबीत होता आणि मेस्त्री खालून बुडबुडे संपेपर्यंत पाहत होते. हे सगळे उद्या कोणालाही दिसणार नव्हते. रिकामी गाडी चालवून झाली, मग चिरे भरून उतारावर नेली. आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले, कारण भार पडल्यावर ते किंचित ढिले होतात.

मी मेस्त्रींना विचारले, "तो जुना ड्रम घातला असता, तर तो तुटलाच असता का?"

"तांच माका ठावक नाय, गुरुजीनू," ते म्हणाले. "म्हणानच बदललंय."

झाकलेल्या कामाचा दुसरा धोका इथे सुरू होतो. पहिला धोका ते न करण्याचा. दुसरा, केल्यावर त्याची वसुली करण्याचा. रामायणातल्या एका आसाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. वाल्मीकींच्या काव्यात कैकेयी जखमी दशरथाला रणातून बाहेर काढते, आसाचा प्रसंग तिथे नाही. पण अध्यात्म रामायणात तो आहे. असुरांशी लढताना रथाच्या आसाची खीळ निखळते, राजाला ते कळत नाही, आणि कैकेयी खिळीच्या भोकात आपला हात घालून रथ सावरून धरते. लढाई संपल्यावर राजा पाहतो आणि थक्क होतो. जगातले झाकलेले काम याहून थोर असूच शकत नाही. ना साक्षीदार, ना शाबासकी, हात चिरडत असताना तोंडातून शब्द नाही. कैकेयी त्या क्षणी रामायणातल्या कोणाहीपेक्षा कमी नव्हती.

आणि मग तिला दोन वर मिळाले, आणि ते तिने ठेवून दिले. ठेवून दिलेल्या उपकाराला व्याज चढते. वर्षांनी ते व्याज मंथरेने मोजून दाखवले, आणि ज्या हाताने राजाचा प्राण वाचवला होता त्याच हाताने तो मागितल्यासारखे झाले. माझ्या मनात नेहमी येते की कैकेयीचा अपराध वर मागण्यात जितका आहे तितकाच तो ते जपून ठेवण्यात आहे. आपल्या घराघरांत ही लहानशी कैकेयी असते. मी तुमच्यासाठी काय काय केले ते तुम्हांला ठाऊक नाही, असे सांगणारा बाप, भाऊ, सासू, मोठी सून. जे म्हणतात ते पुष्कळदा अक्षरशः खरे असते. त्यांनी खरोखरच आसात हात घातलेला असतो. पण ते वाक्य ज्या दिवशी बोलले जाते, त्या दिवशी रथाचे चाक पुन्हा निखळते.

मेस्त्रींनी वहीत मांडले ते लायनर, ड्रम आणि मजुरी. मालकाचे किंवा घाटातल्या अनोळखी माणसाचे प्राण वाचवल्याचे त्यात काही मांडले नाही. आणि मांडणार तरी कसे? तो ड्रम तुटला असता की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. झाकलेल्या कामाचे फळ म्हणजे काही न घडणे. डॉक्टराने रोगी बरा केला तर रोगी हसत घरी जातो. ज्याने रोगच होऊ दिला नाही, त्याच्याकडे कोणी पेढे घेऊन येत नाही. जे घडले नाही त्याचा पुरावा नसतो, म्हणून त्याचे श्रेयही नसते. आणि कदाचित म्हणूनच ते काम स्वच्छ राहते. ज्याची वसुली करताच येत नाही असे चांगले कृत्य माणसाला क्वचितच लाभते; लाभले तर त्याने ते दैव समजावे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा हजारो घरांतली माणसे रात्रीच्या गाड्यांनी गावी निघालेली असतील. मुंबईहून कोकणात, पुण्याहून घाटाखाली, कोल्हापुरातून फोंड्याच्या वळणांवरून. मुले मागे झोपलेली असतील, फराळाचे डबे पायांशी असतील, आणि चालकाचा पाय पेडलवर पडेल तेव्हा पेडल योग्य जागी घट्ट लागेल. त्याचे कोणाला आश्चर्य वाटणार नाही, आणि वाटूही नये. पहाटे गाडी अंगणात थांबेल, आजी पणती घेऊन दारात येईल आणि विचारील, "प्रवास कसा झाला?" "काही नाही, नेहमीसारखा झाला," असे उत्तर मिळेल.

ते 'काही नाही' कोणीतरी फार काळजीपूर्वक केलेले असते.